फ्लूमध्ये ऑक्सिजन लावलाय, तरी स्टिरॉइड का देत नाहीत?

काळजीत_मुलगी: बाबा ६८ वर्षांचे, शुगर आहे, इन्फ्लुएन्झा ए पॉझिटिव्ह आलाय आणि कालपासून ऑक्सिजनवर आहेत. ओसेल्टामिविर (फ्लूच्या विषाणूवरचं औषध) चालू आहे, पण डॉक्टर म्हणतात स्टिरॉइड सध्या नको. कोविडमध्ये काकांना डेक्सा (डेक्सामेथासोन, स्टिरॉइडच) दिलं आणि ते त्यातून बाहेर आले, मग इथे का नाही? उशीर तर होत नाहीये ना? घरी मेड्रॉलच्या (स्टिरॉइडच्या) गोळ्या पण आहेत, रात्रभर तेच डोक्यात चाललंय.

आयसीयू_ड्युटी: आधी त्या गोळ्या बाजूला ठेवा, डॉक्टरांना न विचारता एकही देऊ नका. आता मुद्दा. कोविडचा हिशोब फ्लूला जसाच्या तसा लागत नाही. २०२० च्या रिकव्हरी ट्रायलमध्ये (ब्रिटनमधला कोविडच्या औषधांचा मोठा अभ्यास) डेक्सामेथासोन रोज ६ मिग्रॅ, जास्तीत जास्त १० दिवस दिलं, तेव्हा व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले, नुसत्या ऑक्सिजनवाल्यांत २६.२ वरून २३.३. पण ज्यांना ऑक्सिजन लागलाच नव्हता त्यांना फायदा काहीच दिसला नाही, उलट आकडे नुकसानीकडे झुकलेले. म्हणजे कोविडमध्ये सुद्धा कोणाला आणि कधी हे बघूनच द्यायचं असतं. फ्लूमध्ये तसा मोठा ट्रायल हाताशी नाही, जे अभ्यास आहेत त्यात स्टिरॉइड दिलेल्यांत मृत्यू आणि वरून होणारं बॅक्टेरियल इन्फेक्शन जास्त दिसलं. आता हे खरं की जे जास्त सिरीयस त्यांनाच स्टिरॉइड दिलं गेलं असणार, त्यामुळे सगळा दोष औषधाचा म्हणता येत नाही, तरी डब्ल्यूएचओने २०२४ च्या गाइडलाइनमध्ये गंभीर फ्लूसाठी नकोच असं सुचवलंय. तुमचे डॉक्टर बरोबर चाललेत असं मला वाटतं.

आईची_शुगर: शुगर असेल तर हे अजून महत्त्वाचं. माझ्या आईला कोविडमध्ये सकाळी डेक्सा द्यायचे, दुपारनंतर शुगर सरळ तीनशेच्या वर, एरवी गोळ्यांवर असलेल्या बाईला इन्सुलिन सुरू करावं लागलं, रात्रभर झोप नाही, बडबड वेगळीच. तिला गरज होती म्हणून दिलं आणि त्याबद्दल तक्रार नाही, पण २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) कोणाला झाला बघा, बहुतेक शुगर कंट्रोलमध्ये नसलेले आणि स्टिरॉइड घेतलेले.

काळजीत_मुलगी: बाबांना दमा पण आहे हो, पंप रोज घेतात. तो बंद करायचा का मग?

आयसीयू_ड्युटी: अजिबात नाही! पंपातलं स्टिरॉइड फुफ्फुसापुरतं, थोड्या डोसमध्ये असतं, ते मनाने बंद केलं तर दमा उसळतो. आणि राऊंडला हे नक्की सांगा, कारण दम्याचा अटॅक आला किंवा बीपी पडून शॉकमध्ये गेले तर त्या कारणासाठी स्टिरॉइड द्यावं लागतं, फ्लू असला तरी. मागच्या काही महिन्यांत त्यांनी मेड्रॉल सलग घेतली असेल तर तेही सांगा, अशा पेशंटचं अचानक थांबलेलं स्टिरॉइड पण महागात पडतं.