उत्तर सीमेचा कारभार आणि जुना रशियन राज्यविचार

प्रश्न (नाशिकरोड): रविवारी आमच्या अभ्यासवर्गात यावर बोलायचंय. दूरच्या उत्तरेच्या कारभारातून मॉस्कोचा राज्यविचार कसा घडला? सुरुवात कुठून करू?

पंचवटीहून: ताई, 1397 च्या द्विना सनदेपासून, म्हणजे उत्तरेतल्या द्विना नदीकाठच्या मुलुखाला दिलेल्या लेखी हुकुमापासून करा. मॉस्कोचं प्रतिस्पर्धी नगरराज्य नॉव्हगोरोद, त्याच्या ताब्यातला हा मुलूख आपल्याकडे वळवायला मॉस्कोचा राजा वसिली पहिला याने ती दिली. खुनी सापडला नाही तर लोकांनी सुभेदाराला 10 रूबल द्यायचे, तिसऱ्या चोरीला फाशी. सुभेदाराची वसुली अशी लेखी बांधली गेली, हे फार मोलाचं. पण 1398 मध्येच नॉव्हगोरोदने मुलूख परत जिंकला.

सिडकोतून: 1552 ची वागा सनद (वागा हाही उत्तरेतलाच नदीकाठचा मुलूख) सोडू नका, खरा गाभा तिथे आहे. उत्तरेत सरदारांच्या जहागिरी जवळजवळ नव्हत्या. सुभेदार रयतेच्या जिवावर पोसला जाई, जाच वाढला की कुळं गाव सोडत आणि उरलेल्यांवर कराचा बोजा पडे. मॉस्कोचा झार इव्हान चौथा याने सुभेदार काढून ठरावीक वार्षिक रकमेच्या बदल्यात न्याय आणि वसुली निवडलेल्या माणसांकडे दिली. याला लोकशाही मात्र म्हणू नका, ही माणसं राजालाच जबाबदार होती.

देवळालीहून: शेवटी युरी क्रिझानिच घ्या. 1661 मध्ये सायबेरियातल्या तोबोल्स्कला हद्दपार झालेला हा क्रोएशियन पाद्री. तिथेच त्याने लिहिलं की एकछत्री राजसत्ता हवी, पण रयतेला ओरबाडणारे कायदे नकोत.