हायड्रोजनचा इलेक्ट्रोड: आधी टिकतोय का ते बघा

रंकाळाकाठ: पाण्यातून हायड्रोजन काढायच्या इलेक्ट्रोडवरचे (पाण्यात बुडवून वीज सोडायची धातूची पट्टी) शोधनिबंध वाचले की बहुतेकांत एकच गोष्ट मिरवलेली असते, चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअरवर व्होल्टेज किती कमी लागलं. कारखान्यात हायड्रोजन काढणाऱ्या अल्कलाइन सेलमध्ये तेवढ्याच जागेला काहीशे मिलिअँपिअर चालतात, तेही ७०-८० डिग्रीच्या गरम कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात. मी निकेल फोमवर (स्पंजासारखं सच्छिद्र निकेल) निकेल-आयर्नचा थर चढवला, पहिला तास लै भारी गेला, मग रात्रभर जास्त करंटवर ठेवला तर सकाळी बीकरच्या तळाला तपकिरी गाळ आणि फोम जागोजागी उघडा. हा ऑक्सिजन सुटतो त्या बाजूचा इलेक्ट्रोड, ते बुडबुडेच थर उचकटतात. टिकत नसंल तर रेकॉर्डचं काय करायचं?

शिरोली फौंड्री: नाही पटलं भावा. किलोभर हायड्रोजनला ५०-५५ युनिट वीज जाते, खरा खर्च तिथं आहे. आमच्या इंडक्शन फर्नेसचं बिल बघ एकदा. वीज स्वस्त झाली की साधा निकेलचा पत्रा पण चालतोय.

रंकाळाकाठ: दादा, ती वीज इलेक्ट्रोडच खातोय की! हिशोबानं १.२३ व्होल्ट पुरायला पाहिजेत, प्रत्यक्षात १.८ ते २ लागतात, आणि ०.१ व्होल्ट वाचला तर किलोमागं २.७ युनिट वाचतात. तुम्ही बिल भरणारे, तुम्हीच सांगा हे थोडं आहे का.

सौरवेडी: १० मिलिअँपिअरला उगाच नावं ठेवू नका. सूर्यप्रकाशातनं थेट हायड्रोजन करणारं १० टक्के क्षमतेचं उपकरण साधारण तेवढाच करंट देतं, आकडा तिथनं आलाय. नवीन मटेरियल पहिल्याच दिवशी कारखान्याच्या मापानं मोजलं तर निम्म्या चांगल्या कल्पना तिथंच मरतील.

रंकाळाकाठ: सोलरसाठी मान्य ताई. पण तोच आकडा दाखवून "उद्योगासाठी उपयुक्त" लिहितात त्याला माझा विरोध आहे.

हुपरीकर: आम्ही चांदीचं प्लेटिंग करतो, हायड्रोजनातलं कळत नाही. पण थर सुटतोय म्हणजे खालची सफाई कच्ची. नुसतं बोट लागलं तरी तेवढ्या जागी पापुद्रा येतो. थर चढवायच्या आधी सफाईच्या आम्लातनं फोम काढल्यावर किती वेळ ठेवला होता?

रंकाळाकाठ: दोनेक तास, वाळायला.

हुपरीकर: मग झालं की! हवेत परत ऑक्साइड धरलं असणार. धुवायचा आणि ओला असतानाच टाकीत सोडायचा.

रंकाळाकाठ: हे कुणीच सांगितलं नव्हतं काका. सोमवारी तसंच करतो, २५० मिलिअँपिअरवर पाच दिवस चालवतो आणि गाळाचं वजन इथंच टाकतो, किती का निघंना.