स्टॅटिन मसल खातं म्हणून गोळी बंद करू नकोस

भावा, तू लिहिलंयस की बीपी १५०/९५ येतंय, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १७०, डॉक्टरांनी बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि कोलेस्टेरॉलसाठी रोसुव्हास्टॅटिन हे स्टॅटिन दिलंय पण जिममधले म्हणतात स्टॅटिनने मसल जातात. मी चार वर्षं ह्याच दोन गोळ्या घेतोय, वजनं तेवढीच उचलतो. काहींचं अंग दुखतं हे खरंय, पण लेग डेनंतरचं दुखणं दोन-तीन दिवसांत जातं, कारण नसताना दोन्ही मांड्या-खांदे दुखतच राहिले किंवा लघवी काळपट झाली तर मात्र लगेच डॉक्टर गाठ.

रक्त द्यायच्या आधी चार-पाच दिवस जड व्यायाम नको, नाहीतर सीपीके, एसजीओटी (स्नायू-लिव्हरला इजा झाली का ते सांगणारे आकडे) वाढलेलं येतं आणि दोष गोळीवर जातो, माझं तसंच झालं, महिनाभर गोळी उगाच बंद राहिली. क्रिएटिनिनही (किडनीची तपासणी) मसल जास्त असले की किंवा क्रिएटिन सप्लिमेंट घेत असलास की वाढलेलं दिसतं, सिस्टॅटिन सी ही किडनीची दुसरी तपासणी करायची का ते डॉक्टरांना विचार. आणि बीपी मोठ्या पट्ट्याने मोज रे, आपल्या जाड दंडाला छोटा पट्टा लावला की आकडा खोटा वाढतो.

दुखलं की डायक्लोफेनॅक ही पेनकिलर खायची सवय असेल तर सोड, बीपी चढतं आणि टेल्मिसार्टनबरोबर किडनीवर ताण येतो.

राग मानू नकोस, पण स्टॅनोझोलॉलसारखं स्टेरॉइड चालू असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांग, त्याने एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पार खाली जातं, एलडीएल वाढतं, आणि तू लपवलंस तर ते नुसता डोस वाढवत बसतील.