लघवीची कल्चर सरसकट येतात, परत कशी पाठवायची?

प्रश्न – अगारप्लेट
मायक्रोबायोलॉजी लॅब बघते. रोज ढिगाने युरिन कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघायची टेस्ट) येतात, फॉर्मवर तक्रारीच्या जागी नुसतं "रूटीन". कॅथेटर (लघवीची नळी) बरेच दिवस असला की जंतूंची ग्रोथ येतेच, मग आपण सेन्सिटिव्हिटी (कुठलं अँटिबायोटिक लागू पडेल ते) लावून रिपोर्ट देतो आणि ताप नाही काही नाही तरी पेशंटला अँटिबायोटिक सुरू. सॅम्पल परत पाठवलं की वॉर्डातून फोनवर भांडण! तुम्ही काय करता?

स्लाइडवाला
आम्ही आधी मायक्रोस्कोपी करतो, पस सेल्स (पूच्या पांढऱ्या पेशी) नसतील तर कल्चर लावतच नाही. यातून गरोदर बायका, न्यूट्रोपेनियावाले (रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेले) आणि युरॉलॉजीच्या ऑपरेशनआधीचे पेशंट वगळलेत. पण हे एकाच बाजूने चालतं हं, पस सेल्स दिसल्या म्हणजे इन्फेक्शन असं नाही, कॅथेटरवाल्यांत त्या असतातच.

जुनी_खोड
भांडण नको असेल तर सॅम्पल गोळा व्हायच्या आधीच अडवा, ऑर्डर टाकतानाच लक्षण भरायला लावा. सी डिफच्या (जुलाब लावणारा आतड्यातला जंतू) टेस्टचं आमच्याकडे असंच सुटलं. 24 तासांत निदान 3 पातळ जुलाब झालेत का, गेल्या 48 तासांत पोट साफ व्हायचं औषध दिलंय का, एवढं विचारलं की निम्मे लोक स्वतःच थांबतात (बऱ्याचदा औषध आपणच दिलेलं असतं!). घट्ट शी आली तर टेस्ट नाही, 7 दिवसांत रिपीट नाही, आणि बरा झाला का बघायला तर नाहीच, कारण जुलाब थांबल्यावरही ती कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते.

आयसीयूकर
वॉर्डाच्या बाजूने बोलतो. सगळंच कमी करायच्या नादात पडू नका, ब्लड कल्चरला उलट रक्त कमी पडतं, मोठ्या माणसाला 2 सेट (एका सेटमध्ये दोन बाटल्या) हवेत आणि बाटलीत 8–10 मिली, येते मात्र एकच बाटली तीपण अर्धी. आणि सीएसएफवर (मेंदू-मणक्याभोवतालचं पाणी) लेबल चुकलं म्हणून फेकू नका राव, फोन करा, ते परत काढणं म्हणजे पेशंटच्या पाठीत परत सुई. फोलीचं (लघवीच्या कॅथेटरचं) टोक कापून पाठवलं तर खुशाल परत करा, त्याचं कल्चर करायचंच नसतं.

अगारप्लेट
फोलीचं टोक आजच आलंय, तेही सेन्सिटिव्हिटी अर्जंट लिहून 😑 ऑर्डरमध्ये लक्षणाचा रकाना घालायचं आयटीशी उद्याच बोलते.