मदत हवी आहे: भाचा गोळ्या चुकवतोय, व्हायरल लोड वाढलाय

मावशी_एक: भाचा १७ वर्षांचा, जन्मापासून एचआयव्ही. आजवर सगळं सुरळीत होतं, या वेळी व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) १,४०० आला. विचारलं तर "घेतो गं रोज". मोजल्या तर डबीत ९ गोळ्या जास्त! ओरडून झालं, समजावून झालं. लवकर सांगा, पुढच्या आठवड्यात दाखवायला जायचंय.

सुमेध: कुठली गोळी? किती वाजता? घरात कोणाकोणाला माहीत आहे? त्याला स्वतःला कधी सांगितलंत?

रेवती७: मोबाइलवर गजर लावा. माझी बीपीची गोळी तेव्हापासून एकदाही चुकली नाही.

मावशी_एक: गजर आहेच हो. टीएलडी (तीन एचआयव्ही औषधांची एकच गोळी), रात्री ९ ला. मला आणि आजीलाच माहीत, बाकी घराला नाही. त्याला बाराव्या वर्षी सांगितलं.

पुनश्च: ताई, तो विसरत नाहीये, लपवतोय. मीही असाच वाढलोय. ९ ला घर भरलेलं असतं. गजर वाजला की कोणीतरी विचारणारच, "कसली रे गोळी?" खुळखुळ ऐकू येऊ नये म्हणून मी डबीत कापूस कोंबायचो. डॉक्टरांना विचारून वेळ बदला. ही गोळी जेवणाआधी-नंतर कधीही चालते, सगळे उठायच्या आत घेऊ दे. आणि मोजणं थांबवा, निदान त्याच्यासमोर तरी.

निसर्गमित्र: कोवळ्या वयात इतकी रसायनं! आमच्या ओळखीत एकाला काढ्याने फरक पडला. श्रद्धा हवी.

सुमेध: फरक म्हणजे काय, व्हायरल लोड मोजला होता का? असं ऐकूनच मुलं गोळ्या सोडतात. श्रद्धा ठेवा, पण गोळी सोडून नाही.

निसर्गमित्र: मी सोडा म्हटलंच नाही.

अश्विनी_के: लग्नाची काळजी नको. नियमित औषधाने लोड २०० च्या खाली टिकला की शरीरसंबंधातून लागण होत नाही.

मावशी_एक: लग्नाचं कुठे विचारलं मी? काढा देत नाही. आजी फक्त झोपताना गोळीसोबत लोहाचं औषध देते, रक्त वाढायला.

औषधवाला: अहो, हे आधी सांगायचं! रिकाम्या पोटी लोह किंवा कॅल्शियम सोबत गेलं की टीएलडीतलं डोल्युटेग्राविर नीट शोषलंच जात नाही. गोळी लोहाच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेल्या अ‍ॅसिडिटीच्या औषधालाही तेच. लोड १,००० च्या वर आला की आधी समुपदेशन, मग साधारण ३ महिन्यांनी पुन्हा चाचणी. लगेच औषध बदला म्हणून हट्ट धरू नका. चुकलेली गोळी आठवताक्षणी घ्यायची, पण दोन एकदम नाहीत.

मावशी_एक: लोहाचं आजीशी आजच बोलते. पुनश्च, तुम्ही लिहिलंत म्हणून डबी पुन्हा उघडली. मोजताना वाटलं होतं कंपनीनेच घातलाय, पण कापूस घरातला आहे, आमच्याच गुंडाळीतला. उद्यापासून साडेपाचला मी उठते त्याच्यासोबत. त्याला काय म्हणून उठवू, तेवढं सांगाल का?