थोरात पडले ते लाटेने, की घरच्या मतांनी?

प्रवराकाठी

मागे एका चर्चेत कुणीतरी सहज लिहून गेलं, की 2024 च्या विधानसभेला लाटच अशी होती की संगमनेरात बाळासाहेब थोरातांच्या जागी कुणीही असता तरी पडला असता. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून वेगळा धागा.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. थोरात 1985 ते 2019 सलग आठ वेळा आमदार. पहिल्यांदा काँग्रेसने तिकीट दिलं नाही म्हणून अपक्ष उभे राहिले आणि आले. पुढे महसूलमंत्री झाले, काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष झाले. आघाडी आली असती तर मुख्यमंत्रिपदासाठी जी चार नावं घेतली जायची त्यात हेही होते. आणि 23 नोव्हेंबरला शिंदे सेनेच्या अमोल खताळांनी, ज्यांचं नाव तालुक्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, त्यांना 10,560 मतांनी घरी बसवलं.

आता आकडे बघा. 2019 ला थोरात 1,25,380, समोर शिवसेनेचे साहेबराव नवले 63,128. 2024 ला खताळ 1,12,386, थोरात 1,01,826. लाट आली की समोरच्याची मतं फुगतात, मान्य. पण स्वतःची साडेतेवीस हजार मतं गेली, तीही एकूण मतदान वाढलेलं असताना. ही कुठली लाट?

माझं म्हणणं असं. संगमनेरचं राजकारण त्यांच्या वडिलांपासून, भाऊसाहेब थोरातांपासून, संस्थांवर उभं आहे. कारखाना, दूध संघ, सोसायट्या, शाळा-कॉलेजं. चांगल्या चालवल्या, राज्यात नाव आहे, राजहंस दूध माहीत नाही असा माणूस आमच्याकडे सापडणार नाही. पण संस्थेचा नकाशा हा पाण्याचा नकाशा असतो. ज्याला पाणी त्याचा ऊस, ज्याचा ऊस तो सभासद, आणि सभासद म्हणजे आपला माणूस. तळेगाव दिघेकडचा कोरडवाहू माणूस या नात्यात कधी पुरता आलाच नाही. त्याचा संबंध टँकरशी. आणि 2024 च्या पावसाळ्यात त्याच्या बायकोच्या खात्यात दीड-दीड हजार येऊ लागले. मध्ये ना सोसायटीचा सचिव, ना डेअरीचा चेअरमन. मेसेज आला, बाई पासबुक घेऊन बँकेत गेली, पैसे काढून आली. पुढाऱ्याच्या ओळखीशिवाय काही मिळू शकतं हे तिने स्वतः बघितलं. संस्थेच्या राजकारणाला याच्यावर उतारा नाही.

खडूची धूळ

मांडणी छान, निष्कर्ष चूक. तुम्ही जे शेवटी सांगितलंत ती लाडकी बहीणच, म्हणजे लाटच! निवडणुकीआधी पाच हप्ते, साडेसात हजार रुपये प्रत्येकीला. ही योजना काय फक्त संगमनेरात होती? कराड दक्षिणला पृथ्वीराज चव्हाण पडले, तिवशात यशोमती ठाकूर पडल्या, लातूर ग्रामीणला धीरज देशमुख पडले. साकोलीत नाना पटोले 208 मतांनी वाचले, कर्जत-जामखेडला रोहित पवार 1,243 नी. सगळीकडे एकाच वेळी पाण्याचा नकाशा बिघडला का? काँग्रेसच्या राज्यात 16 जागा आल्या, त्यात एका तालुक्याची चिरफाड कशाला.

आणि साडेतेवीस हजारांचं जे गणित तुम्ही घातलंय ते पुढे न्या ना. समजा ती सगळी मतं थेट पलीकडे गेली. 63,128 अधिक 23,554 म्हणजे 86,682. तरी थोरात पंधरा हजारांनी येतात. त्यांना पाडलं ते उरलेल्या पंचवीस-सव्वीस हजारांनी, जी 2019 ला या दोघांपैकी कुणालाच पडली नव्हती. ही मतं बाहेर कुणी काढली? योजनेने आणि ‘बटेंगे तो कटेंगे’ने. घरच्यांनी नाही.

प्रवराकाठी

गणित बरोबर आहे. पण नुसतं त्या नव्या मतांनीही ते पडत नाहीत. 63 हजारांत पंचवीस-सव्वीस मिळवा, नव्वदीच्या आतच राहता. दोन्ही लागलं. आणि लाट पेलण्यापुरती ठेव गाठीला होती, 62 हजारांचं मताधिक्य. ती कुणी खर्च केली एवढंच विचारतोय.

माळावरची

मी तळेगाव पट्ट्यातलीच, माहेर तिकडचं. मूळ लेखातलं बरंचसं खरं आहे, पण निळवंडे धरण गाळलंत कसं? आमच्या आजोबांपासून ‘निळवंड्याचं पाणी येणार’ ऐकत आलोय. 1970 च्या दशकातला प्रकल्प. मे 2023 ला डाव्या कालव्याची चाचणी झाली, ऑक्टोबरमध्ये मोदी येऊन लोकार्पण करून गेले. थोरातांनी धरणग्रस्तांच्या पुनर्वसनापासून बोगद्यांपर्यंत खपून काम केलं हे विरोधकही खासगीत कबूल करतात. पण चारीत पाणी दिसलं तेव्हा बटण दाबायला कोण उभं होतं? शिंदे आणि फडणवीस. आई म्हणाली, “ज्याने सोडलं त्याचं पाणी.” मी तिला तासभर पुनर्वसन समजावत बसले, ती भाकरी थापत राहिली.

तेव्हा हा प्रकार लाटेचाही नाही आणि संस्थेचाही नाही. काम एकाने करायचं आणि नारळ दुसऱ्याने फोडायचा, असं झालं.

मतमोजणीतला मामा

ईव्हीएमवर कुणीच बोलत नाही म्हणजे कमाल आहे. लोकसभा ते विधानसभा पाच-सहा महिन्यांत राज्यात चाळीस लाख मतदार वाढतात, आणि आपण इथे ऊस नि भाकरी.

खडूची धूळ

मामा, याद्यांचा प्रश्न गंभीर आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो. पण याद्या आणि यंत्र या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, एका पोत्यात भरू नका. प्रत्येक मतदारसंघात पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजून ताळा घेतात. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल 2024 च्या निकालानंतर दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या उमेदवाराला पैसे भरून पाच टक्के यंत्रं तपासून मागता येतात. हे अपुरं वाटत असेल तर तसं म्हणा. पण प्रत्येक पराभवाला एकच औषध लावलं की आपला उमेदवार काय चुकला हे कधीच कळत नाही.

सांगोलकर

लाटवाल्यांना एक प्रश्न. आमच्या सांगोल्यात काय झालं? शहाजीबापू पाटील (‘काय झाडी’वाले, तेच) सत्तेतले आमदार, शिंदे सेनेचे, लाडकी बहीण त्यांच्याच सरकारची. तरी पडले. आले कोण, तर शेकापचे बाबासाहेब देशमुख, गणपतरावांचे नातू. गणपतराव अकरा वेळा आमदार होते. हेच शहाजीबापू 1995 ला त्यांना 192 मतांनी हरवून गेले होते, आणि 2019 ला दुसऱ्या नातवाला, अनिकेतना, 768 मतांनी. गणपतराव आबा 1995 ला पडले तेव्हा लाटेला शिव्या देत बसले नाहीत, 1999 ला परत आले. एवढ्या वर्षांच्या आमदाराला पडण्याची सवय पाहिजे. थोरातांना ती नव्हती, आणि त्यांच्या कार्यकर्त्यांना तर त्याहून नव्हती. साहेब येणारच म्हणून अर्धे शेजारच्या शिर्डीत भाजपच्या राधाकृष्ण विखेंना पाडायला गेले होते म्हणतात.

खडूची धूळ

सांगोल्याला ठाकरे सेनेचे दीपक साळुंखेही उभे होते, तिरंगी लढत होती. सरळ लढतीशी तुलना नको.

सांगोलकर

आघाडीतच दोघे उभे, तरी सत्ताधारी पडला. म्हणजे तुमची लाट आणखीच पातळ झाली की हो.

अवांतरवीर

रच्याकने (बाय द वे), धांदरफळचा विषय कुणी काढला नाही. ऑक्टोबरच्या शेवटी सुजय विखेंच्या (राधाकृष्ण विखेंचे चिरंजीव) सभेत एका स्थानिक नेत्याने थोरातांच्या कन्या जयश्री यांच्याबद्दल जे गलिच्छ बोललं, त्यावर तालुका पेटला, गाड्या जळल्या. तेव्हा सगळे म्हणत होते की आता थोरातांची सीट एकतर्फी झाली. महिलांची सहानुभूती वगैरे. त्यानंतर चार आठवड्यांनी हा निकाल. सहानुभूतीचं मतात रूपांतर होतं या आपल्याकडच्या लाडक्या समजुतीचं काय करायचं?

माळावरची

चीड सगळ्याच बायकांना आली होती. पण बोलणाऱ्याला अटक झाली, सुजय विखेंना तिकीट मिळालं नाही, उमेदवार तिसराच निघाला. राग काढायचा कुणावर? शिवाय त्यानंतर जी जाळपोळ झाली, तिने गावातली शांत माणसं बिचकली. 2023 च्या जूनमध्ये मोर्चाच्या दिवशी समनापूरला दगडफेक झाली होती, तेव्हापासून तालुक्यात आधीच धग होती. ‘आपलं संगमनेर असं नव्हतं’ हे वाक्य मी दोन्ही बाजूंच्या माणसांकडून ऐकलंय, आणि दोन्ही बाजूंना दोष दुसऱ्याचाच वाटतो.

खडूची धूळ

मूळ लेखकाला शेवटचा प्रश्न, मग मी थांबतो. संस्थेच्या राजकारणाचा काळ संपला म्हणता. मग शेजारी शिर्डीत राधाकृष्ण विखे कसे येतात, तेही घसघशीत मतांनी? 1995 पासून तेच आमदार. कारखाना त्यांचाही आहे, लोणीचा, देशात सहकारी साखर जिथून सुरू झाली तो. शाळा, कॉलेजं, दवाखाने, सगळं आहे. आणि संगमनेर तालुक्यातला आश्वीचा भाग त्यांच्याच मतदारसंघात आहे. तिथल्या बायकांनाही दीड हजार मिळाले. मग तिथे सचिव आणि चेअरमन का चालले?

प्रवराकाठी

चालले, कारण तिथे संस्था आणि सरकार एकाच घरात आहेत. विखे काँग्रेसमध्ये होते, शिवसेनेत गेले, परत काँग्रेसमध्ये आले, 2019 ला भाजपमध्ये गेले. जिथे सत्ता तिथे ते. त्यामुळे दीड हजार आले तेही साहेबांकडून आणि कारखान्याचं पेमेंट आलं तेही साहेबांकडून, बाईला निवड करायची वेळच आली नाही. थोरात चाळीस वर्षं एका पक्षात राहिले. त्याबद्दल त्यांना मान देणारे मलाही भेटतात, आणि त्यातल्या काहींनी मत कुणाला दिलं ते मी विचारत नाही.

2019 ते 22 या काळात महसूल खातं त्यांच्याकडे होतं. त्या अडीच वर्षांत कोरडवाहू गावांत पाय रोवता आले असते. माझा राग तिथे आहे, लाटेवर नाही.

मतमोजणीतला मामा

याद्यांचा धागा काढलाय. या सगळे.