अपडेटने तुमचं काय नेलं?

गवाक्ष
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून ‘जुनं यंत्र बदला’ छापाचं वाचून वाचून डोकं उठलंय. धडधाकट यंत्र, पण टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही म्हणून विंडोज ११ ला अपात्र! २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एका माणसाने जाहीर परिषदेत ही शेवटची विंडोज असं सांगितलं होतं. असो. त्यावरून एक जुनं दुखणं वर आलं.

२००७ च्या सुमारास बाबांच्या अल्बममधले चारेकशे फोटो स्कॅन केले होते. फोटो लावून ठेवायचा एक प्रोग्रॅम होता (नाव घेत नाही). बाबा शेजारी बसून सांगायचे, मी फोटोखाली टंकायचो. डावीकडून तिसरा कोण, तो पुढे कुठे गेला, त्याच्याशी बोलणं का तुटलं. मग एका अपडेटने सगळं क्लाउडवर नेलं. फोटो पोचले, ओळी नाही पोचल्या. त्या फोटोच्या फायलीत नव्हत्याच मुळी, प्रोग्रॅमच्या स्वतःच्या डेटाबेसात होत्या. हे कळेपर्यंत बाबा गेले होते. डावीकडून तिसरा अजून हसतोय, कोण ते माहीत नाही.

तुमचं काय गेलं, लिहा.

मनीमोहर
अरेरे, कसंतरीच झालं वाचून. माझं एवढं मोठं नाही. फोनच्या कीबोर्डात अपडेटबरोबर आपणहून लिहून देणारा एआय घुसलाय. सासूबाईंना ‘पोचले’ एवढंच पाठवायचं होतं. गेलं काय, तर ‘मी सुखरूप पोहोचले असून आपण दाखवलेल्या काळजीबद्दल मनःपूर्वक आभारी आहे’. लगेच त्यांचा फोन, ‘काय गं, भांडलात का?’

अर्धविराम
भांडलात का!! मेलो हसून.
माझं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर. रीतसर विकत घेतलेलं, खोका अजून कपाटात आहे. २०१३ मध्ये फोटोशॉपवाल्या अडोबीने क्रिएटिव्ह क्लाउडची, म्हणजे विकण्याऐवजी भाड्याने देण्याची, वाट धरली आणि हळूहळू बाकीचेही त्याच वाटेने गेले, त्यात माझं हेही (कंपनी वेगळी). आता महिन्याचं भाडं चुकलं की मीच काढलेली चित्रं मला ‘फक्त पाहण्यासाठी’.

रात्रपाळी
मी पलीकडच्या बाजूचा, लोकांच्या यंत्रांवर अपडेट ढकलणारा. शिव्या खायची सवय आहे, पण एक ऐका. वॉनाक्राय, विंडोजमधल्या एका भगदाडातून घुसून फायली ओलीस धरणारा व्हायरस, मे २०१७ चा. त्या भगदाडाची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. ज्यांनी ‘नंतर आठवण करा’ दाबलं त्यातले कितीतरी त्यात सापडले. आता उलटं, १९ जुलै २०२४, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या अपडेटमधली एक सदोष फाईल आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर बंद. ती यंत्रं अपडेट न टाळणाऱ्यांचीच होती. आमच्याकडे ते सॉफ्टवेअर नव्हतं म्हणून वाचलो, त्यात आमचं शहाणपण शून्य.
माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. भगदाड बुजवणं आणि बटणांच्या जागा बदलणं एकाच पुडीत बांधून देतात. दोन वेगळे करा, मी स्वतः लोकांच्या पाया पडून पहिलं टाकायला लावीन.

ढगोबा
+१ पुडीला.
विषयांतर, पण अपडेटनंतर माझा प्रिंटर भरून आणलेलं काडतूस ओळखत नाही. काल छापत होता की हो!

रात्रपाळी
काडतुसावर चिप असते, नवं फर्मवेअर (प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर) ती तपासतं. सेटिंगमध्ये ऑटो अपडेट बंद करा. उशीर झालाय म्हणा.

ढगोबा
म्हणजे घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप. धन्यवाद.

अर्धविराम
प्रिंटर हा प्राणीच विश्वासघातकी. त्याचा वेगळा धागा काढा, पाच पानं सहज होतील.

टाकबोरू
गूगल रीडर, सगळे ब्लॉग एका जागी वाचायची सोय. बंद केली १ जुलै २०१३ ला. बाकी काही लिहीत नाही.

मनीमोहर
टाकबोरू, अजून??

टाकबोरू
अजून.

सुतळी
गवाक्ष, तो जुना संगणक किंवा त्याची डिस्क आहे का तुमच्याकडे? असे बरेच प्रोग्रॅम एसक्यूलाइट वापरायचे. सगळा डेटाबेस एका फायलीत, शेवटी बहुतेक .db असतं. ‘डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट’ फुकट आहे, त्यात उघडून बघा. मूळ फाईल नाही, प्रत उघडा! ओळी मिळाल्या तर यावेळी फोटोच्या फायलीतच लिहा, त्याला आयपीटीसी नावाची सोय असते. मग प्रोग्रॅम बदलला तरी ओळ फोटोबरोबर जाते.

गवाक्ष
डिस्क आहे! फेकवत नव्हती म्हणून ठेवलेली. पण हिला लागणारी केबल आता कुठल्या यंत्राला नाही. चपटी, रुंद, टाचण्याच टाचण्या.

सुतळी
४० टाचण्या? मग ती आयडीई, जुन्या डिस्कची जोडणी. यूएसबीला जोडायचा अडॅप्टर मिळतो, मोठ्या डिस्कला वेगळा वीजपुरवठा लागतो तोही असलेला बघा. आणि डिस्क खरखर करायला लागली तर लगेच बंद करा, आधी पूर्ण प्रत काढायची.

गवाक्ष
मोजल्या. ३९ भरल्या, मधे एक नाहीये. तुटली का?

सुतळी
नाही नाही, ती नसतेच. केबल उलटी बसू नये म्हणून.